पुढचा भाग गुरुवारी

कोणाला सांगू नका, पण भोसरीत हल्ली कोणी कोणाला काही सांगत नाही.

पूर्वी असं नव्हतं. इंद्रायणीनगरात मेथीची जुडी निवडता निवडता तीन बिल्डिंगांची खबर लागायची. कोणाच्या मुलीने ठरलेल्या लग्नाला नकार दिला, कोणाचा जावई रात्रीचा दिघीहून येतो आणि गाडी मुद्दाम लांब लावतो, कोणाच्या सासूने दागिने कुठे ठेवलेत ते सुनेला अजून सांगितलेलं नाही. आता विचारावं, तर समोरची बाई गालातल्या गालात हसते. "नाही हो, विशेष काही नाही." जिच्या घरातून काल रात्री अकराला कपाट आपटल्याचा आवाज आला, ती म्हणते विशेष काही नाही! आणि दोन दिवसांनी मोबाइलवर तिच्या कथामालिकेचा नवा भाग येतो, त्यात पहिल्याच ओळीला कपाट आपटतं. जी बातमी कोथिंबिरीसारखी वर फुकट मिळायची, ती आता पैसे मोजून वाचायची. सांगा, ह्याला काय म्हणावं?

तर अख्खं गाव गोष्टी लिहायला लागलंय. कुस्ती आणि कबड्डीचं गाव हे. इथे पोरगं जरा थोराड दिसलं की आधी तालमीत जायचं. आता तेच पोरगं कुस्तीचे डाव सोडून नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन करतंय. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू लिहितात, त्यांच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई त्या गोष्टीवर अभिप्राय देतात आणि स्वतःची वेगळी भुताची मालिका चालवतात. रात्रपाळीचा सीएनसी ऑपरेटर लिहितो, दवाखान्यातली सिस्टर लिहिते, शिकवणीवाल्या मॅडम तर मुलांना निबंध घालून तेवढ्या वेळात स्वतःचा भाग पुरा करतात. बुधवारी रात्री आमच्या जिन्यात जी शांतता असते, ती पूर्वी फक्त दहावीच्या परीक्षेत असायची. कारण एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गुरुवारी वाचक घरी, म्हणून गुरुवारी भाग.

सगळ्याच्या मुळाशी ते प्रतिलिपी. बंगळुरूची कंपनी, २०१४ साली निघालेली, मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत चालते. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. मधे संपादक नाही, साभार परत नाही, पोस्टाचं तिकीट नाही. नावाजलेल्या मालिकेचा पुढचा भाग मात्र कुलपात. आभासी नाणी मोजा, नाहीतर गप थांबा. आणि हे ऐका. २०२१ साली ह्या कंपनीत मोठी गुंतवणूक कोणी केली? क्राफ्टनने. हो, तीच दक्षिण कोरियातली पबजीवाली! म्हणजे आधी पोरांना रात्र रात्र जागवलं, आता आयांना. घर पुरतं काबीज केलं की नाही?

काही जाणकारांचं म्हणणं, ही साथ जानेवारी २०१६ मध्येच आली. त्या वर्षी एकोणनव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर. अध्यक्ष श्रीपाल सबनीस, आणि वाद तर संमेलनाआधीच पेटलेला. ज्या कारखान्याने देशाला पेनिसिलिन दिलं, त्याच्याच आवारात इतक्या पुस्तकांच्या सान्निध्यात ही लागण व्हावी आणि कोणाच्या लक्षातही येऊ नये! मी मात्र संमेलनाला दोष देत नाही. तिथे गेलेले बहुतेक जण पुस्तकं विकत घेऊन आले. लिहायला बसले ते न गेलेले.

आता काय लिहितात, ते सांगते. निदान सुरुवातीला काय लिहीत होते ते. नायक अब्जाधीश. वय अठ्ठावीस. खडूस. स्वतःची कंपनी, काचेची इमारत, वर हेलिकॉप्टर उतरतं. नायिका गरीब, वडिलांच्या ऑपरेशनसाठी करारावर लग्नाला तयार. नायक पहिल्या वीस भागांत फक्त भुवया उंचावतो. अहो, तुम्ही जे ब्लॉकमधला मालक कधी बघितलाय का? तो ॲक्टिव्हावरून येतो. शर्टाच्या खिशात व्हर्नियर. मोठ्या कंपनीकडे अडकलेलं बिल, बँकेच्या ओडीचं व्याज आणि महिन्याच्या सात तारखेला पगार, ह्या तीन गोष्टींत त्याच्या भुवया कायमच्या वर गेलेल्या असतात. त्या माणसावर एक भाग लिहिला तर करारातल्या लग्नापेक्षा जास्त धडधड होईल. पण नाही. काचेची इमारत हवी. टेल्को रोडवर उभं राहून स्वित्झर्लंडचं वर्णन करायचं!

ह्यावर आमच्या नाकं मुरडणाऱ्या मंडळींचं ठरलेलं वाक्य असतं, मराठी साहित्याचं आता काही खरं नाही. हे वाक्य मात्र फार जुनं आहे हो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्याने दिली. ती तीन वर्षं चालली! यमूची कहाणी, यमूच्याच तोंडून, आणि लिहिणारा मिशीवाला पुरुष. आठवडाभर थांबून वाचक पुढचा अंक हातात घ्यायचे. 'पुढील भाग' हा शब्दप्रयोग काही मोबाइलने आणलेला नाही. आणि नाकं मुरडणं? इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' नावाचा निबंध लिहून मराठी कादंबरीकारांचा असा काही समाचार घेतला की आजच्या टीकाकारांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. बायकांनी लिहिण्याचं म्हणाल, तर काशीबाई कानिटकर लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरच्यांच्या डोळ्यांआड अक्षरं शिकल्या आणि पुढे त्यांनी 'रंगराव' कादंबरी लिहिली. आमच्या काकूंना निदान चोरून चार्जर शोधावा लागतो, बाराखडी नाही.

आणि ताणून धरण्याची विद्या भोसरीला कोणी शिकवायची? एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. श्रद्धेचा भाग वेगळा, तिथे मी हात जोडते. पण नुसती गोष्ट म्हणून बघा. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली, आणि वर आली ती तेराव्या दिवशी. त्याच संध्याकाळी आली असती, तर साडेतीनशे वर्षं लोकांनी ती अशी सांगितली असती का? सगळा जीव त्या मधल्या दिवसांत आहे. नदीकाठी अन्नपाणी सोडून बसलेला माणूस, आणि पाणी काही बोलत नाही. आणि चांगदेव! ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, ह्या पेचात कोरा कागदच पाठवला. चौदाशे वर्षं जगून कोरे ते कोरेच, असं मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. पहिली ओळ सुचत नाही म्हणून रडणाऱ्या आमच्या शिकवणीवाल्या मॅडमना मी हीच सांगितली. तर म्हणतात कशा, "पण त्यांच्या कोऱ्या पानाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं, माझ्या कोऱ्या पानाला नेटवर्कसुद्धा येत नाही."

असो. खरी भानगड पुढेच आहे.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहिलं. गोष्ट कशी रचावी, पात्रं कशी उभी करावीत, सुरुवात कुठून धरावी, उत्कंठा कशी वाढवावी, सगळं उघड करून टाकलं. गृहस्थ कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, त्यामुळे गोष्टही त्यांना पायऱ्यापायऱ्यांनी दिसायची. लोकांनी पुस्तक वाचलं, आणि पुढे 'तंत्र' हीच शिवी करून टाकली. जणू स्वयंपाकघरात पदार्थ होतो हे कबूल करणं म्हणजे पंगतीचा अपमान. आमच्याकडे फडके कोणी वाचलेले नाहीत. आमच्याकडे आहे क्वालिटी डिपार्टमेंट.

झालं काय, ऑपरेटरच्या मालिकेत नायिका चौथ्या भागाअखेर घर सोडून गेली. पाऊस, रिक्षा, मागे वळून न बघणं, सगळं यथासांग. अभिप्रायांत रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात त्याच्याच कंपनीतल्या इन्स्पेक्शनच्या माणसाने एकच शब्द टाकला, "का?" तुम्हाला माहीत असेल, कारखान्यात माल रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारायची एक पद्धत आहे, टोयोटाकडून आलेली. ह्या पठ्ठ्याने ती गोष्टीला लावली.

ती घर सोडून का गेली? नवऱ्याने तिच्या नोकरीचं पत्र लपवलं म्हणून. त्याने का लपवलं? तिचा पगार त्याच्याहून जास्त होता म्हणून. मग ते त्याला आत्ताच का बोचलं, तिचं शिक्षण तर लग्नाआधीपासून जास्त होतं? कारण त्याची स्वतःची लाइन बंद पडून काम गेलं होतं. मग हे त्याने घरी का सांगितलं नाही? इथे ऑपरेटर अडकला. दोन गुरुवार भाग नाही. वाचक खवळले, कोणी म्हणालं लेखक आजारी आहे, कोणी म्हणालं त्याची बायकोच घर सोडून गेली. तिसऱ्या गुरुवारी भाग आला. त्याने घरी सांगितलं नाही, कारण लग्न ठरवताना सासऱ्यांना सांगितलं होतं की पोरगा पर्मनंट आहे. आणि तो पर्मनंट कधी नव्हताच. पहिल्या दिवसापासून कंत्राटावर.

आता भोसरीत, चाकणला, अख्ख्या ह्या पट्ट्यात 'मुलगा पर्मनंट आहे का?' ह्या एका प्रश्नावर किती पत्रिका जुळतात आणि किती फाटतात, हे मी सांगायला नको. भाग वाचून आमच्या जिन्यात चार दारं आतून बंद झाली. इन्स्पेक्शनवाल्याने लिहिलं, "आता पास." पाऊस, रिक्षा आणि मागे वळून न बघणं ह्यांची गरजच उरली नाही. त्याने पहिले चार भाग खोडून मालिका नव्याने सुरू केली.

आणि नव्याने सुरू कुठून केली म्हणता? हातापासून. कूलंटचा वास कोणाला माहीत नसेल त्याने कुठल्याही सीएनसीवाल्याच्या बायकोला विचारावं. दोनदा साबण लावला तरी तो वास बोटांत राहतो. ही नव्या गोष्टीतली बायको रोज नवऱ्याला ताटावर बसण्याआधी म्हणते, "परत धुवा." एके दिवशी म्हणत नाही. तोही काही बोलत नाही, दोघं जेवतात. वाचकाला उलगडायला अर्धं पान लागतं. वास आलाच नाही! डबा घेऊन निघालेला माणूस मशीनवर गेलाच नव्हता, तो सहल केंद्रातल्या बाकावर बसून डबा खाऊन आला. तिला कळलंय, तिला कळलंय हे त्याला कळलेलं नाही, आणि आपल्याला दोघांचंही माहीत. मी तुम्हाला सांगते, तो भाग वाचताना माझी आमटी लागली. अब्जाधीशाच्या हेलिकॉप्टरने माझी आमटी कधी लागली नव्हती.

पण हे फार कौतुक झालं. लगेच डोक्यावर बसतील.

कारण शेवट करायला ह्यांच्यातलं कोणी तयार नाही! शेवट केला की वाचक गेला, नाणी गेली, रोजचे ते "ताई, पुढचा भाग लवकर टाका" गेले. काकूंचा नायक स्पाइन रोडवर ट्रकखाली आला. मेला. मी स्वतः वाचलं. त्यावर वाचकांनी असा काही आकांत मांडला की पुढच्या भागात त्याचा जुळा भाऊ नाशिकहून आला, त्याच्या पुढच्या भागात कळलं की मेला तो जुळा, आणि आला तो मूळचा. काकूंना विचारलं तर म्हणतात, "लोकांना दुखवायचं नसतं." अहो, बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. चष्म्याचं दुकान सांभाळून लिहिल्या. झुंजार आला, काळा पहाड आला, धनंजय-छोटू आले. पण प्रत्येक पुस्तकाला शेवट होता! गुन्हेगार सापडायचा, दिवा मालवून माणूस झोपायचा. 'सत्यकथा'वाल्यांचं तर विचारूच नका. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन म्हणजे लेखकाला पुन्हा लिहायला लावणारी माणसं. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडलं. चालू असतं आणि काकूंचा जुळा भाऊ तिथे टपालाने पोचला असता, तर उलट टपाली जे पत्र आलं असतं ते मी फ्रेम करून लावलं असतं.

संपादक नाही म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही म्हणा. वाचक हाच संपादक झालाय. फरक एवढाच, संपादक म्हणायचा 'हे काढा', आणि वाचक म्हणतो 'हे मरू देऊ नका'. पोळ्यांच्या ताई तेवढ्या पक्क्या. त्यांच्या भुताच्या मालिकेत प्रेस शॉपमध्ये तिसऱ्या पाळीला एक माणूस हजेरी लावतो, कार्डही पंच करतो, आणि पहिल्या पाळीच्या सुपरवायझरला तो कधी दिसत नाही. वाचकांनी हट्ट धरला, भूत दाखवा. ताई म्हणाल्या, नाही. "दिसलं की लोक भ्यायचे थांबतात. माझ्या सासूला मी सहा वर्षं कपाट उघडून दाखवलेलं नाही, अजून भिते." भयकथाकार नारायण धारपांचं नाव ह्या बाईने ऐकलेलं नाही, मी विचारलंय.

आणि आता ज्यासाठी एवढा वेळ थांबवलं ते.

आमच्याच सोसायटीवर एक मालिका चालू आहे. टोपणनावाने. नावं बदलली आहेत, पण टँकरवरून झालेलं भांडण जसंच्या तसं, दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं रात्री पावणेबाराला हळूच येणं जसंच्या तसं, चौथ्या मजल्यावर आलेली ती मोठी खोकी, हप्त्यावर घेतलेला फ्रिज आणि महिन्याभरात परत गेलेला तोच फ्रिज, सगळं! लोक हादरलेत. मी म्हटलं, नवीन काय त्यात? १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनात काय काय चालतं ते कोणीतरी विभावरी शिरूरकर छापून मोकळी झाली. महाराष्ट्रभर गदारोळ. ही विभावरी कोण, बाई की बुवा, कुठल्या गावची, तर्कांना ऊत. प्रकाशक ह. वि. मोट्यांनी तोंड उघडलं नाही. पुढे कळलं, बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर. तेव्हाच्या लोकांचे अंदाज चुकले, कारण ते आडनावं शोधत बसले. मी तसं केलं नाही. मी मालिका पहिल्यापासून पुन्हा वाचली आणि एवढंच बघितलं, की हा माणूस गोष्ट कुठे उभा राहून सांगतोय.

तुम्हीही बघा. एवढ्या भागांत एकदाही स्वयंपाकघर नाही. कोणाच्या भांडणातला एक शब्द नाही, फक्त भांडून खाली उतरलेल्या माणसाची चाल आहे. भाजी काय झाली ते कुठेच नाही, पण पिशवीतून काय डोकावत होतं ते आहे. माणसं येतात आणि जातात. येतानाची वेळ मिनिटावर, जातानाची वेळ मिनिटावर. मधे घरात काय झालं, ते लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही, आणि म्हणून तर वाचणारा जीव मुठीत धरून बसतो. काकू असत्या तर माजघरात शिरल्या असत्या. ऑपरेटर असता तर हात आले असते. सांगणाऱ्याला फक्त गेट दिसतंय.

मी वॉचमनकाकांना सहज विचारलं, "काका, रात्री मोबाइलवर काय लिहीत असता हो?" काका म्हणाले, "नाही हो ताई, विशेष काही नाही."

बातमी फुटली, बहुतेक माझ्याचकडून. रविवारी कमिटीने तातडीची सभा लावली. विषय एकच, वॉचमनला गेटवरून हलवावं का? दुसऱ्या मजल्यावरचे साहेब फार हिरिरीने बोलले. सेक्रेटरींनी तोडगा काढला, पाण्याची मोटर बघायला त्यांना गच्चीवर टाकू, तिथे ना कोणी येत ना जात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात काकू उठल्या. एवढे भाग लिहून बाईला काहीतरी आलंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. म्हणाल्या, "अहो, आत्ता त्यांना फक्त गेट दिसतंय. गच्चीवरून सगळ्यांच्या बाल्कन्या दिसतात."

ठराव एकमताने नामंजूर. वॉचमनकाकांना गेटवर नवी खुर्ची मंजूर, हातवाली.